आमची वाटचाल: स्टोच्या पिनेपासून हिटरच्या पायलटपर्यंत

वडिलांनी खडे बाजारात दुकान घातलं तेव्हा काम एकच होतं, रॉकेलचे पंपाचे स्टो. बर्नर, वायसर, पिन. मग घरोघरी गॅस आला, स्टो माळ्यावर गेले आणि आम्ही शेगडीकडं वळलो. पुढं गॅस गिझर, हॉटेलांच्या भट्ट्या. बेळगावात असली दुकानं काय कमी आहेत? आमचं नाव झालं ते वडिलांनी कधी हात न लावलेल्या वस्तूमुळं: लॉनवर उभा करायचा, डोक्यावर पत्र्याची छत्री असलेला गॅस हिटर.

जांबोटी-चोर्ला रस्त्याला रिसॉर्ट झाली, शहराभोवती लग्नाची लॉन झाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या खाली उतरला की पाहुणे शाली शोधतात आणि मॅनेजर आमचा नंबर. "ओ मामा, हिटर पेटेना झालाय, लगेच या की!"

आता "पेटेना" यात काहीही येतं. म्हणून आमच्याकडं फोन उचलणारा पोरगा गाडी काढायच्या आधी मराठीत नाहीतर कन्नडमध्ये विचारून घेतो: ठिणगी दिसते का? पायलट (मोठी आच पेटवणारी बारकी ज्योत) पेटतो का? नॉब सोडल्यावर विझतो का? ठिणगीच नसेल तर बहुतेक वेळा आतला सेल संपलेला असतो, नाहीतर त्याच्या टोपणाला गंज चढलेला. ते फोनवरच निस्तरतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

खरी गर्दी असते ती "नॉब सोडला की विझतो" याची. पायलटच्या ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं. ते तापलं की त्यात वीज तयार होते, तीही जेमतेम पंचवीस-तीस मिलिव्होल्ट. तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅसची वाट उघडी धरतं. टोक तापायला वीस-तीस सेकंद लागतात, तोवर नॉब दाबून धरायचा असतो आणि वेटर पाच सेकंदांत बोट काढून मोकळा होतो! दाबून धरूनही विझत असेल तर आमचा माणूस पाना काढायच्या आधी पाणसळ काढतो. कारण थर्मोकपलकडून व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या वायरीतच टिल्ट स्विच असतो. हिटर कलला की तो जोड तोडतो, गॅस बंद. लॉन उतरतं असेल तर हिटर बिघडलेला नसतोच, फरशीचा तुकडा सरकवून बूड सरळ केलं की झालं. त्यानंतर टोकावरची काजळी पुसायची, व्हॉल्व्हकडचा नट बघायचा. तो हातानं बसवून वर पाव फेरा, बास. जोर लावला की आतला जोड चेपतो. नवा थर्मोकपल सगळ्यात शेवटी. तो आधी विकणारे आहेत, पण ते गिऱ्हाईक पुढच्या थंडीत त्यांच्याकडं जात नाही.

ठिणगी पडते पण पायलटच धरत नाही, तेव्हा एक तर नवीन सिलिंडर जोडलाय आणि नळीत हवा आहे. नॉब मिनिटभर दाबून धरला की ती निघते. नाहीतर कोळी. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे हिटर चार महिने गोदामात, आणि पायलटच्या बारीक नळीत कोळ्याला आयतं घर. चंदगडचं गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, खानापूरचं कर्नाटकातलं; कोळी दोन्हीकडं सारखाच विणतो. इथं आमच्या दुकानात एक कडक नियम आहे: जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यात, पिन घालायची नाही. स्टोच्या काळात पिन हेच औषध होतं, पण हे पितळी भोक केसागत बारीक. पिनेनं ते मोठं झालं की ज्योत पिवळी, काजळी, आणि पुन्हा थर्मोकपलची बोंब. जेट सोडवायचा, स्पिरिटमध्ये ठेवायचा, हवा मारायची.

आणि केटररचा रेग्युलेटर! भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर हिटरला लावून ठेवलेला कितीतरी ठिकाणी सापडतो. दाबानं ज्योत उचलली जाते आणि विझते. हिटरच्या पाटीवर दाब लिहिलेला असतो, बऱ्याचदा तीस मिलिबार. आम्ही पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात पट्टीला बांधून तीत रंगीत पाणी घातलंय. दोन बाजूंच्या पाण्यात तीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे तीस मिलिबार. मॅनेजरला आकडा सांगून पटत नाही, पाणी चढलेलं दिसलं की पटतं. मोठा हिटर पूर्ण आचेवर तासाला किलोभर गॅस खातो. निम्म्या सिलिंडरवर दोन हिटर लावले की सिलिंडर बाहेरून गार पडतो, आत दाब उतरतो आणि मध्यरात्री दोन्ही मान टाकतात. तिथं दुरुस्ती कसली करणार? दुसरा सिलिंडर लावा.

दिवाळीनंतर लगेच हिटर दुकानात आणून दिला तर साफसफाई, साबणाच्या पाण्यानं गळती तपासणी आणि नळी बदलणं निवांत होतं. ऐन लग्नाच्या दिवशी फोन केला तर गर्दीतलं काम, दर वेगळा. पडद्यांनी चारी बाजू बंद केलेल्या मांडवात किंवा हॉलमध्ये हिटर पेटवून द्यायला मात्र आम्ही कुठल्याच दरानं येत नाही. तिथं कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. एक बाजू पूर्ण उघडी करा, मग गाडी काढतो.