नवरदेव ठरायच्या आधीचा मांडव

बाबांचा मिरजेत मंडपाचा धंदा होता. सदतीस वर्षं. आधी वासे, काथ्या आणि कनाती, नंतर लोखंडी पाइप. त्यामुळे त्यांना कुठल्याही कार्याला न्या, माणसं राहिली बाजूला, ते आधी वर बघतात. कापड कशाला बांधलंय, वासा कुठे टेकलाय, गाठ कुणी मारलीय.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना वॉशिंग्टन दाखवायला नेलं. आमच्या घरापासून गाडीनं तासभर. कॅपिटॉलचा, म्हणजे तिथल्या संसदभवनाचा, घुमट बघून ‘हं’ एवढंच म्हणाले. मग समोरच्या तळ्याच्या काठावर उभे राहून इमारतीच्या पश्चिमेच्या अंगाला चाललेलं लाकूडकाम न्याहाळत बसले. थंडी नव्हती, म्हणून मीही घाई केली नाही.

“कुणाचं कार्य आहे?”

“राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी.”

“कोण झालाय?”

“अजून कुणीच नाही. मतदान पाच नोव्हेंबरला आहे.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “म्हणजे नवरा ठरायचाय आणि ह्यांनी मांडव घातला?”

मला हे त्याआधी कधी खटकलंच नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून माझी समजूत अशी की जिंकणारा आपला सोहळा आपण करतो. तसं नाही. मिरवणूक, रात्रीचे नाच-जेवणाचे बॉल हा वऱ्हाडाचा खर्च, तो निवडून आलेल्याची स्वतंत्र समिती देणग्या गोळा करून बघते. पण कॅपिटॉलवरची शपथ आणि त्यानंतरचं जेवण हे काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं घरचं कार्य. त्यासाठी १९०१ पासून दर चार वर्षांनी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमतात. तीन सिनेटर, तीन प्रतिनिधी, एकूण सहा जण. त्याआधी हे काम एकटं सिनेट करायचं. कोण जिंकणार हे माहीत नसताना दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी शेजारी बसून खुर्च्यांचा हिशेब करायचा.

आणि मुहूर्तमेढसुद्धा असते! सप्टेंबरात हे सहा जण हातोड्या घेऊन फळीवर पहिला खिळा ठोकतात. फोटोत त्या हातोड्या कशा धरल्यात ते बाबांना दाखवलं. “एकालाही जमत नाही,” म्हणाले.

व्यासपीठ दहा हजार चौरस फुटांहून मोठं, त्यावर सोळाशेच्या वर माणसं बसतात. दर वेळी नव्यानं, पहिल्या फळीपासून. ‘भाड्यानं मिळत नाही होय इथं?’ हा प्रश्न मला त्या दिवशी तीनदा विचारला गेला.

पूर्वी शपथ इमारतीच्या पूर्वेच्या बाजूला व्हायची. १९८१ मध्ये ती पश्चिमेला आली. रेगन कॅलिफोर्नियाचे, त्यांना आपल्या मुलखाकडे तोंड करून शपथ घ्यायची होती, अशी गोष्ट सांगतात. मीही ती पाहुण्यांना रंगवून सांगायचो. खरं म्हणजे समितीनं हे जून १९८० मध्येच ठरवलं होतं, रेगन यांना पक्षाची उमेदवारी मिळायच्याही आधी. कारण अगदी मंडपवाल्याचं: पश्चिमेला ओटे-पायऱ्या आयत्या आहेत, लाकूड कमी लागतं, आणि पुढच्या मोकळ्या मैदानात माणूसही जास्त मावतो. आता मी ती कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगत नाही.

मुहूर्त मात्र कुणाला काढावा लागत नाही. २० जानेवारी, दुपारी १२. विसाव्या घटनादुरुस्तीनं तो कायमचा काढून ठेवलाय. पूर्वी ४ मार्च असायचा. १९३७ ला पहिल्यांदा जानेवारीत कार्य केलं, तर धो धो पाऊस. १९८५ ला इतकी थंडी की सगळं आत, घुमटाखालच्या गोल दालनात घ्यावं लागलं, मिरवणूक रद्द.

आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाकडे मी तिकिटांसाठी नाव नोंदवलं होतं. तिकिटं फुकट असतात, दोन लाखांच्या वर छापतात आणि खासदारांमार्फत वाटतात. आम्हाला चक्क दोन मिळाली. बाबांसाठी हातमोजे, दोन थरांचे मोजे, कानटोपी अशी खरेदी झाली. आधीच्या रविवारी रंगीत तालीमही झाली. राष्ट्राध्यक्षांच्या जागी एक सैनिक उभा राहून खोटी शपथ घेतो. बाबांना ते फार आवडलं. “आपल्याकडे लग्नाची तालीम करायला पाहिजे,” म्हणाले.

शुक्रवारी, १७ जानेवारीला दुपारी बातमी आली. थंडीमुळे शपथ आत. तिकिटं आता आठवण म्हणून ठेवा. मी चरफडलो, सोमवारी कामावरून सुट्टी टाकलेली. बाबा शांत होते. १९९१ च्या मेमध्ये तासगावकडच्या एका लग्नात त्यांनी चार दिवस खपून मांडव घातला होता. आदल्या रात्री वळवानं झोडपलं आणि लग्न शाळेच्या वर्गात लागलं. पोरीच्या चुलत्यानं पैसे द्यायला साफ नकार दिला, ‘वापरला कुठं तुमचा मांडव?’ हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की तो चुलता मला रस्त्यात ओळखू येईल.

२० तारखेला आम्ही घरीच टीव्हीपुढे. आतलं दालन गच्च भरलेलं. सुरुवातीला समितीच्या अध्यक्ष एमी क्लोबुचर बोलल्या. बाबांना मी सांगितलं, या विरोधी पक्षाच्या.

“यजमानीण विरोधातली?”

“हो.”

“आणि हसून बोलतेय.”

शपथ झाली, तोफा झाल्या. आतल्या आत पाहुणे पुतळ्यांच्या दालनात जेवायला गेले. १९५३ पासून हे जेवण समितीच घालते. तेव्हा आयझेनहॉवरना सॉसमधलं चिकन आणि भाजलेलं हॅम होतं म्हणे. बाबांना मेन्यूत रस नव्हता. मधेच एकदा बाहेरचं दृश्य दाखवलं. ते पांढरंशुभ्र व्यासपीठ, ओळीनं, रिकामं. ते पुढे सरकून बसले.

“पैसे देतील ना रे त्यांचे?”

“कॅपिटॉलच्या देखभालीचं खातं आहे बाबा, काँग्रेसचंच. पगारी माणसं.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि रिमोट माझ्याकडे दिला.