साडेसातशे किलो म्हणजे नेमके कशाचे?

बंद ट्रेलर घेताना ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्याची, क्षमता ठरवणे हे काम कागदावर अगदी किरकोळ दिसते, परंतु माझा पावसाळ्यानंतरचा अर्धा हंगाम त्याच एका आकड्याने खाल्ला. ट्रेलरचा रंग, दाराची उघडझाप, माल बांधायची आतली कडी कुठे हवीत, हे सगळे एका फोनवर ठरले. पुढे नोंदणीही फारसा त्रास न होता झाली. अडले ते कारखान्याच्या मागणीपत्रातल्या एका चौकटीपाशी. त्या चौकटीत एवढेच लिहिलेले होते : ‘क्षमता (किलो)’.

आमचे घर तारकर्लीच्या रस्त्याला आहे. पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत आणि दिराच्या नावावर जलक्रीडेचा परवाना आहे. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, त्यामुळे जेट स्की, हवा भरून ओढायची बनाना बोट आणि जीवरक्षक जाकिटे कुडाळच्या शेडमध्ये नेऊन ठेवावी लागतात. उघड्या गाडीवरून नेले की वाटेतल्या पावसाने सीट भिजते आणि एरवी खाऱ्या वाऱ्याने प्रत्येक स्क्रू तांबेरतो. म्हणून चारी बाजूंनी बंद, मागे उतरणीचे दार असलेला ट्रेलर हवा होता. असले ट्रेलर करणारा कारखाना घाटावरचा निघाला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माल त्यांनी शेवटी चांगला दिला आणि माझी तक्रार त्यांच्या विक्री विभागापुरतीच आहे.

विक्री विभागातल्या गृहस्थांनी ‘750 किलोचे मॉडेल’ सुचवले. त्यांचा हिशेब एका वाक्याचा होता : तुमची जेट स्की साडेतीनशे किलोची, म्हणजे निम्म्याहून अधिक क्षमता शिल्लक. मी विचारले की हे साडेसातशे किलो ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट की वगळून. तांदूळ पोत्यासकट तोलला की पोते वगळून, हे आमच्याकडे दुकानात पोरसुद्धा विचारते, पण या प्रश्नावर पलीकडे काही क्षण शांतता पसरली आणि नंतर उत्तर आले, “मॅडम, बिनधास्त टाका साडेसातशे, काही होत नाही.” पुढच्या वेळी फोन उचलणाऱ्या दुसऱ्या गृहस्थांनी सांगितले की साडेसातशे ही ॲक्सलची क्षमता आहे. तिसऱ्यांनी ती ‘एकूण’ आहे असे सांगितले, पण एकूण म्हणजे काय, हे त्यांना सांगता येईना. मध्येच एकाने “मिस्टर आहेत का? त्यांना समजावतो,” असेही म्हणून पाहिले. त्यांना मी नम्रपणे कळवले की धनादेशावर सही माझी असणार आहे, तेव्हा समजावणेही मलाच करावे.

या तीन उत्तरांत किती अंतर आहे, ते नीट पाहावे. साडेसातशे हे केवळ मालाचे वजन असेल, तर माझे काम निर्धास्त होते. ते ॲक्सलवर येणारे वजन असेल, तर ट्रेलर आणि माल मिळून आठशेच्या आसपास चालले असते, कारण भाराचा काही हिस्सा ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांडीवाटे पुढच्या गाडीवर जातो. आणि ते ट्रेलरसकट भरलेले एकूण वजन असेल, तर पत्रा, प्लायवुड, चौकट, चाके हे सगळे त्यातून वजा करून जे उरेल तेवढाच माल भरता येणार होता. ट्रेलर तोच, आकडा तोच, पण एका अर्थाने मी कायद्यात बसत होते आणि दुसऱ्या अर्थाने ट्रेलर अंगणातून बाहेर काढताक्षणीच जादा भाराची गाडी होत होता. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे. आंबोलीच्या उतारावर ॲक्सल वाकला, तर मात्र हिशेब दंडावर थांबत नाही.

मी चार गोष्टी लेखी मागितल्या : रिकामे वजन, भरलेले कमाल वजन, ॲक्सलवर ठोकलेल्या पट्टीवरचा आकडा आणि टायरवरचा भार निर्देशांक. उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रक आले. तेच मागणीपत्रासोबतही आले होते. पुन्हा मागितल्यावर तेच माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर आले. मग तांत्रिक विभागाचे साहेब रजेवर असल्याचे कळले, मग गणपती आले, आणि गणपतीत कोकणातल्या माणसाने दुसऱ्या कोणाला कामाची घाई करणे शोभत नाही, म्हणून मीही गप्प बसले. सप्टेंबरपासून किनाऱ्यावर गिऱ्हाईक यायला लागते. आमची जेट स्की तेव्हा कुडाळच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती आणि शेजाऱ्यांच्या जेट स्की पाण्यात.

अखेर जी युक्ती लागू पडली, ती मला आधीच कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. नोंदणीसाठी जो नमुना क्रमांक 20 भरावा लागतो, त्यात वाहतुकीच्या वाहनांसाठी रिकामे वजन, उत्पादकाने प्रमाणित केलेले एकूण वजन, ॲक्सलवरचे कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलच्या टायरांची संख्या व माप असे रकाने असतात. याच गोष्टी नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिण्याचे बंधन कलम 58 खाली नोंदणी अधिकाऱ्यावर आहे. मी तो कोरा नमुना कारखान्याला पाठवला आणि कळवले की एवढे रकाने आपल्या शिक्क्यानिशी भरून आले की आगाऊ रक्कम त्याच दिवशी पाठवते. माहितीपत्रकात वाटेल ते छापता येते, पण सरकारी नमुन्यावर शिक्का मारताना माणूस जरा विचार करतो. भरलेले रकाने आले : एकूण वजन 750, रिकामे वजन 430.

म्हणजे माल भरायला उरले 320 किलो. आमची जेट स्की उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पेट्रोलविना 345 किलोची आहे. ज्या ट्रेलरमध्ये ‘निम्म्याहून अधिक क्षमता शिल्लक’ होती, त्यात नुसती कोरडी जेट स्कीसुद्धा बसत नव्हती. ते पान मी दिराला वाचून दाखवले तेव्हा मला झालेला आनंद लपवण्याचे काही कारण नाही.

750 हाच आकडा का, हेही नंतर उमगले. आपल्याकडच्या वर्गवारीत भरलेले वजन 750 किलोपर्यंत असलेले ट्रेलर सर्वांत हलक्या वर्गात मोडतात, आणि कारखान्याच्या त्या मॉडेलला ब्रेकही नव्हते. म्हणजे तो आकडा लोखंडाच्या ताकदीवरून आलेला नसून वर्गाच्या सीमेवरून आलेला होता. अमेरिकेत बर्फावरच्या स्नोमोबाइल नेण्यासाठी असेच बंद ट्रेलर वापरतात. तिथे 3,500 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1,588 किलोंचा एकेरी ॲक्सल अगदी सर्रास चालतो, पण तोच ॲक्सल असलेल्या पुष्कळ ट्रेलरच्या पट्टीवर एकूण वजन 2,990 पौंड लिहिलेले असते, कारण तिथल्या अनेक राज्यांत 3,000 पौंडांपासून ब्रेकची सक्ती सुरू होते. त्यामुळे पट्टीवरचा आकडा लोखंडाचा आहे की कायद्याचा, हे विचारूनच घ्यावे. आणि दोन्हींपैकी जो लहान असेल, तोच आपला.

आता खरे वजन काढण्याविषयी. पुस्तिकेतले वजन हे कोरड्या यंत्राचे असते. आमच्या जेट स्कीची टाकी 70 लिटरची आहे आणि पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे 52 किलो तिथेच वाढले. किनाऱ्यावर ढकलायची हातट्रॉली 45 किलो, हवा काढलेली बनाना बोट, दोर आणि जाकिटे मिळून 60, ब्लोअर, जॅक, अवजारे आणि जादा चाक मिळून 55. त्यावर तळात राहिलेले पाणी आणि भिजलेले दोर यांचे मी वीस किलो धरले. स्नोमोबाइलवाले जसा यंत्राला चिकटलेला बर्फ हिशेबात धरतात, तसेच हे. बेरीज 577 किलो झाली. मोठ्या मॉडेलचा रिकामा ट्रेलर ब्रेकसह 490 किलोचा होता. सगळे मिळून 1,067. यातला दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा असा सर्वमान्य दंडक आहे. दहा टक्के धरले तरी ॲक्सलवर 960 किलोच्या आसपास येतात.

कारखान्याकडे 1,000 आणि 1,300 किलोचे ॲक्सल होते. हजाराचा घेतला असता तर चाळीस किलोची सवड राहिली असती. ती एका पाहुण्याच्या सामानाने आणि ओल्या प्लायवुडने संपली असती. मी 1,300 चा घेतला आणि एकूण वजन 1,250 नोंदवून घेतले. “दोन टनांचाच टाका, कटकट संपली,” असा सल्ला देणारेही भेटले, तो मात्र मानू नये. पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, भाराच्या मानाने फार ताठ असले तर ट्रेलर खड्ड्यात दबत नाही, उडतो, आणि तो प्रत्येक हिसका आतल्या फायबरच्या तळाला आणि पट्ट्यांच्या कड्यांना बसतो. मालवण ते कुडाळ या वाटेवर पाऊस संपल्यावर जे खड्डे राहतात, त्यांच्यासाठी पाऊणपट भरलेला ॲक्सल मला योग्य वाटतो.

टायरचे सांगायचे राहिले, आणि ते ॲक्सलइतकेच महत्त्वाचे आहे. टायरच्या बाजूवर मापानंतर जो दोन-तीन अंकी आकडा असतो, तो भार निर्देशांक. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 91 म्हणजे 615, 94 म्हणजे 670. ॲक्सल 1,300 चा असला तरी त्याला 88 चे दोन टायर लावले की प्रत्यक्षात 1,120 च्या पुढे जाता येत नाही. हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग), रिम आणि दांडीवरचा कप्लर (गाडीच्या हुकाला अडकणारा जोड) यांनाही हाच न्याय. आमचा नेहमीचा मेस्त्री ट्रेलर पाहायला आला तेव्हा सरळ खाली वाकला आणि म्हणाला, “वैनी, रंग काय बघतास, पाटे बघा.” पाट्यांच्या मधल्या फटीत खारे पाणी साचून तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून किनाऱ्यावरून परतल्यावर चाकांच्या आतून गोड्या पाण्याचा पाइप मारावा. धावून तापलेले हब समुद्राच्या पाण्यात कधीही बुडवू नयेत, कारण गरम हब एकदम थंड झाला की सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग जाते. ट्रेलर वाळूबाहेर ठेवून जेट स्की हातट्रॉलीवर न्यावी. त्या 45 किलोंचा भार मी आनंदाने वाहते.

ट्रेलर आल्यावर भरून तो महामार्गालगतच्या वजनकाट्यावर नेला. काट्यावरचा माणूस चिऱ्याचे ट्रक तोलणारा, त्याला आमचा डबा पाहून हसू आले. गाडीपासून सोडवून संपूर्ण ट्रेलर तोलला तर 1,080 भरला, गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवली तर 970. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. मात्र ट्रकचे काटे दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वाचतात, त्यामुळे वजाबाकीतून आलेल्या 110 वर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. तो घरी तपासावा : सपाट जागी स्नानगृहातला वजनकाटा ठेवून त्यावर ठोकळा, आणि ठोकळ्यावर दांडीचे टोक, हूक असतो त्याच उंचीला. आमचा 112 निघाला. मात्र आपला काटा दीडशे किलोंपर्यंत चालणारा आहे ना, ते आधी पाहावे, आणि पुढची गाडी हुकावर किती भार सोसते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे.

माल आत कुठे ठेवायचा, याचाही ॲक्सलशी संबंध आहे. स्नोमोबाइलचे इंजिन पुढच्या बाजूला असते, म्हणून ती तोंड गाडीकडे करून चढवली की दांडीवर भार आपोआप येतो. जेट स्कीचे इंजिन सीटखाली आणि पंप अगदी मागे असतो, त्यामुळे तोंड गाडीकडे केले तर जड बाजू दाराकडे जाते. दांडी हलकी झाली की उतारावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि मग गाडी सावरणे अवघड होते. आम्ही जेट स्की शक्य तितकी पुढे सरकवून, अवजारे आणि जादा चाक पुढच्या भिंतीशी बांधून तो तोल साधला. मागणी देतानाच आपले यंत्र कोणत्या बाजूला जड आहे ते कारखान्याला कळवले, तर ॲक्सल थोडा पुढे किंवा मागे बसवून मिळतो.

जादा चाक हातात आल्यावर त्याचा निर्देशांकही जरूर वाचावा. ट्रेलरला 94 चे टायर होते आणि सोबतच्या जादा चाकावर 88 लिहिलेले होते. मी छायाचित्र पाठवले, तेव्हा विक्री विभागातून उत्तर आले की ते फक्त पंक्चर झाल्यावर वापरायचे असते. मी शिक्का मारलेल्या रकान्यांचे छायाचित्र त्याच्याखाली जोडून परत पाठवले आणि चाक पार्सलने रवाना केले. 94 चे चाक दिवाळीपूर्वी आले, येण्याजाण्याचे भाडे त्यांनीच भरले.