ब्राँझ कोरीची अंडी बुरशीतून वाचवताना

कोरी हा टाकीत पाळायचा छोटा मासा. त्याला अंडी घालायला लावणं अवघड नाही. एका मादीमागे दोन नर ठेवायचे, आठवडाभर ब्लडवर्म (लाल अळ्या) खाऊ घालायचे. मग निम्मं पाणी काढून टाकीपेक्षा चारेक अंश गार पाणी भरलं की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी चिकटलेली दिसतात. त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत पावसाचं गार पाणी आलं की हा मासा असाच विणीला येतो. खरा छळ पुढच्या चार दिवसांचा.

माझे अंड्यांचे सलग चार घड तिसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे झाले. दुकानात एकच उत्तर मिळे : मेथिलीन ब्लू, म्हणजे बुरशीवरचं निळं औषध, वाढवा. वाढवलं, तर पाणी इतकं गडद झालं की मेलेली अंडी दिसेनात आणि वेचताही येईनात. बुरशी आधी न फळलेल्या अंड्यावर धरते आणि तिचे धागे शेजारच्या चांगल्या अंड्यात शिरतात. त्यामुळे औषधापेक्षा वेचणं महत्त्वाचं.

अंडी घातल्यावर तासाभराने ती रबरासारखी घट्ट होतात. तेव्हा बोटाने हलकेच घोळवत काढावीत आणि एकेक सुटी करून दोन-तीन लिटरच्या डब्यात पसरावीत. पाणी त्याच टाकीतलं, नळाचं नको. ब्लू फिकट आकाशी रंगापुरतंच. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असा ठेवा की पाणी फिरेल, पण अंडी उडणार नाहीत. दिवसभरात फळलेलं अंडं पिवळसर तपकिरी होतं, न फळलेलं पांढरं पडतं. पांढरी अंडी दर १२ तासांनी ड्रॉपरने काढा, रात्रीची फेरीही चुकवू नका. २५ अंशांना साधारण चौथ्या दिवशी पिल्लं फुटतात. त्याआधी निम्मं पाणी बदलून निळा रंग उतरवा.

हे आधीच सांगायला हवं होतं : अंडी त्याच दिवशी काढा, कारण मोठे मासे ती खातात. आणि ब्लू त्यांच्या टाकीत कधीच टाकू नका, फिल्टरमधले जिवाणू मरतात. मोठी कोरी हलवायची तर जाळीऐवजी पाण्याचा मग (मोठा पेला) वापरा. परांचे काटे जाळीत अडकले की मासा जखमी होतो.

पिल्लं दोनेक दिवस पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. मग नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून दोनदा, थोडेथोडे. उरलेलं खाणं तळाशी कुजलं की एका रात्रीत सगळी पिल्लं जातात, म्हणून एअरच्या बारीक नळीने रोज तळ ओढून घ्यायचा.