चेक इंजिनचा दिवा लागला की आधी कोड वाचा

कॅलिफोर्नियात गाडीशिवाय पान हलत नाही आणि गॅरेजची मजुरी तासावर मोजतात. त्यामुळे डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो. इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांना मी आवर्जून सांगते, गॅरेज गाठण्याआधी कोड वाचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाची जी खूण नोंदवून ठेवली असते ती.

१९९६च्या मॉडेलपासून इथल्या प्रत्येक पेट्रोल कारमध्ये स्टेअरिंगखाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा स्कॅनर खोचून किल्ली फिरवली की कोड दिसतो. स्कॅनर स्वस्तात मिळतो. नसेल तर पार्ट्सच्या दुकानात वाचून देतात का, ते विचारा.

पण कोड लक्षण सांगतो, बिघडलेला भाग नाही. इथेच खिसा कापला जातो. पी०४२० आला की थेट महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग, बदलायला सांगतात. एक्झॉस्टच्या गळतीनेही तोच कोड येऊ शकतो, हे कुणी बोलत नाही.

मैत्रिणीच्या गाडीत पी०१७१ होता, म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गॅरेजवाला म्हणाला, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदला. आम्ही स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला. गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवून देतोय, ते त्यात कळतं. इंजिन नुसतं चालू असताना आकडा २० टक्क्यांच्या वर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर नेले की ५च्या आसपास. सेन्सर सहसा असा वागत नाही. हवा कुठून तरी चोरवाटेने शिरत असली की असं होतं. बॉनेट उघडून रबरी नळ्या एकेक करून वाकवून पाहिल्या, तर एकीला कोपरावर चांगली बोटभर चीर. नळी बदलली, आकडा शून्याजवळ आला.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. इंजिन मिसफायर होतंय आणि जळलं नाही ते पेट्रोल कन्व्हर्टरची वाट लावतंय. गाडी बाजूला घ्या.

आणि स्मॉग चाचणीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या धूर-तपासणीच्या तोंडावर कोड पुसू नका. पुसला की गाडीने स्वतः केलेल्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि त्यातल्या बहुतेक पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी पास होत नाही.

भारतातल्या बीएस-६ गाड्यांतही हेच सॉकेट आहे. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाल्याने पार्ट बदलायला सांगितला, तर कोड कोणता आला आणि त्यावरून हाच पार्ट गेलाय हे कसं ठरवलं, दोन्ही विचारा.