गरोदरपण, नवऱ्याची जुनी केस आणि सोशल सर्व्हिसेस : माझा अनुभव

इथे इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या अपॉइंटमेंटमध्ये मिडवाइफ, म्हणजे गरोदरपणाची देखभाल करणारी सुईण, कधीतरी तुम्हाला एकटीला आत घेते, नवरा सोबत असला तर त्याला बाहेर थांबायला सांगते, आणि मग ते प्रश्न विचारते. घरी सुरक्षित वाटतं का, कुणी हात उगारतं का, आणि बाळाच्या वडिलांचा कधी पोलिसांशी किंवा सोशल सर्व्हिसेसशी (मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघणारं सरकारी खातं) संबंध आला होता का. मला नववा आठवडा चालू होता, उलट्यांनी जीव नकोसा झाला होता, आणि त्या शेवटच्या प्रश्नाला मी पटकन "नाही" म्हणून टाकलं. खरं उत्तर "हो" होतं. पुढचे आठ महिने जे काही झालं त्यात या एका "नाही"चा वाटा किती मोठा होता हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतेय.

माझ्या नवऱ्याला आमच्या लग्नाआधी, त्याच्या आधीच्या पार्टनरला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली होती. सस्पेंडेड सेन्टेन्स, म्हणजे तुरुंगात गेला नाही, पण प्रोबेशन, म्हणजे अधिकाऱ्यांची देखरेख, होतं आणि हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठीचा एक लांबलचक कोर्स करावा लागला होता. हे त्याने मला लग्नाआधीच सांगितलं होतं, पण सांगताना एवढंच की भांडणात एकदा धक्का दिला, ती पडली, पोलिस आले. मी विश्वास ठेवला. शिवाय तो म्हणायचा की जुन्या शिक्षांबद्दलच्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे ती शिक्षा आता स्पेंट, म्हणजे मुदत संपून बाद, झालीय, कुणाला सांगायची गरज नाही. नोकरीच्या अर्जात बऱ्याच ठिकाणी ते खरं असतं, पण लहान मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की पोलिस आणि सोशल सर्व्हिसेस एकमेकांना माहिती देतात, तिथे स्पेंट वगैरे काही चालत नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सोळाव्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटला मी स्वतःहून मिडवाइफला सांगितलं. झोप लागत नव्हती, खोटं बोललेलं टोचत होतं. ती रागावली नाही, माझा हात धरून म्हणाली की सांगितलंस ते बरं केलंस, पण आता मला रेफरल करावंच लागेल, म्हणजे सोशल सर्व्हिसेसला कळवावंच लागेल. मला तेव्हा वाटलं एखादा फॉर्म असेल, भरून होईल.

दोन आठवड्यांनी सोशल वर्करचा फोन आला. विसाव्या आठवड्याचा स्कॅन झाला, बाळ व्यवस्थित आहे म्हणाले, आणि त्याच आठवड्यात ती घरी आली. दारात तिने बूट काढले, विचारून काढले, आणि मोज्यांवर आत आली, हे मला अजून आठवतं कारण मी मनात एखादा इन्स्पेक्टर येणार असं धरून बसले होते. आधी दोघांशी एकत्र बोलली, मग माझ्याशी वेगळी, मग त्याच्याशी वेगळी. माझ्याशी बोलत असताना तो बाहेर जिन्यात बसून होता, दाराच्या काचेतून त्याचं डोकं दिसत होतं, दोन्ही हातांत धरलेलं. तिने सगळ्या खोल्या पाहिल्या, बाळ कुठे झोपणार विचारलं. पाळण्याचा खोका पॅसेजमध्ये न उघडलेला उभा होता. मी उगाचच तीन वेळा सांगितलं की या वीकेंडला जोडणार आहोत.

मग तिने मला एक प्रश्न विचारला : "त्याने तुला काय सांगितलंय ते नको सांगूस, तुला काय माहीत आहे ते सांग." मी गप्प. मला दोन्ही एकच वाटत होतं.

तिनेच मला क्लेअर्स लॉबद्दल सांगितलं. आपल्या पार्टनरचा हिंसेचा काही इतिहास आहे का हे पोलिसांना विचारायचा हक्क, इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून आहे, २००९ मध्ये क्लेअर वूड नावाच्या बाईचा तिच्या आधीच्या पार्टनरने खून केला त्यानंतर आलेली ही स्कीम. मला अर्ज करायचा नव्हता. म्हणजे नवऱ्याच्या पाठीमागे पोलिसांकडे जायचं? आईला फोनवर विचारलं, तिला तोपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं, ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "विचार गं बाई. ऐकून घेतल्याने काय होणारे? न ऐकताच जास्त होतं." मी अर्ज केला.

काही आठवड्यांनी एका छोट्या खोलीत दोन माणसांनी मला तोंडी सगळं सांगितलं. हातात कागद देत नाहीत, आणि ही माहिती फक्त स्वतःच्या आणि बाळाच्या सुरक्षिततेसाठी वापरायची, बाहेर कुठे बोलायची नाही अशी सही घेतात, त्यामुळे तपशील मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की तो "एकदा धक्का" नव्हता. मी बाहेर आले आणि बस स्टॉपवर बसून राहिले, तीन बस गेल्या, पोटात बाळ लाथा मारत होतं आणि मला घरी जायचं नव्हतं. मी थेट घरी न जाता सोशल वर्करला फोन केला. ती म्हणाली आज त्याला काही विचारू नकोस, तुझ्याकडे रात्री जायला जागा आहे का. मैत्रिणीकडे चार दिवस राहिले. नंतर सोशल वर्करने त्याला एकट्याला भेटून सांगितलं की जे झालं ते सगळं तुझ्या तोंडून बायकोला कळायला हवं, आणि मग तिच्या ऑफिसात, तिच्या समोर, त्याने मला ते सांगितलं. नजर जमिनीवर होती, पण काही गाळलं नाही. मी घरी परत गेले. हा माझा निर्णय होता, दुसरीने हाच घ्यावा असं मी अजिबात म्हणणार नाही.

या सगळ्यात कागदांचा जो गोंधळ होतो त्याबद्दल थोडं सांगते. चिल्ड्रन अॅक्ट १९८९ मध्ये दोन सेक्शन महत्त्वाचे. सेक्शन १७ म्हणजे मुलाला मदतीची गरज आहे का ते बघणं, याला आईवडिलांची संमती लागते. सेक्शन ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजा होण्याचा धोका आहे असा संशय, आणि त्याची चौकशी करायला तुमची संमती लागत नाही. आमचं १७ ने सुरू झालं आणि सगळा इतिहास समोर आल्यावर ४७ झालं. ते पत्र आलं तेव्हा मी आधीच घाबरलेली, त्यात सोशल वर्करने मागितले म्हणून नवऱ्याचे कोर्टाचे जुने कागद टेबलावर काढलेले, आणि त्यावरही "सेक्शन ४७" लिहिलेलं! मला वाटलं बाळाच्या नावावर गुन्हा नोंदवला की काय. हे लिहितानासुद्धा छातीत धडधडतंय. ते दोन वेगळे कायदे आहेत, नवऱ्याचं कलम १८६१ च्या मारहाणीच्या कायद्यातलं, फक्त नंबर सारखा. पण हे मला कुणी सांगेपर्यंत एक अख्खी रात्र गेली. म्हणून सांगते, पत्रावर नुसतं सेक्शन बघू नका, कायद्याचं नावही वाचा.

असेसमेंटला, म्हणजे सगळी परिस्थिती तपासायला, जास्तीत जास्त ४५ वर्किंग डेज असतात. सेक्शन ४७ च्या चौकशीत काळजी करण्यासारखं निघालं तर ती चौकशी ठरवणाऱ्या बैठकीपासून १५ वर्किंग डेजच्या आत चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स, म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेबद्दल निर्णय घेणारी बैठक, होते. आमची एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. रिपोर्ट आधी वाचायला मिळायला हवा, आम्हाला आदल्या संध्याकाळी मिळाला, बावीस पानं, आणि याबद्दल माझी तक्रार आजही आहे. पहिल्या पानावर बाळाचं नाव लिहायच्या जागी "अनबॉर्न बेबी" आणि पुढे आमचं आडनाव. माझ्या बाळाचं नाव मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते असं. आणि आत सातव्या पानावर : आईने सुरुवातीला माहिती लपवली. एकच वाक्य, पण खरं, आणि कॉन्फरन्समध्ये त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. नवऱ्याचा गुन्हा जुना होता, तो बदलणार नव्हता. त्यांना बघायचं होतं की तसं पुन्हा झालं तर मी लपवणार की सांगणार.

कॉन्फरन्सच्या आधी फॅमिली राइट्स ग्रुप या संस्थेच्या फुकट अॅडव्हाइस लाइनवर मी बोलले होते, तिथल्या बाईंनी सांगितलं की तुझं म्हणणं लिहून ने, आणि ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेचा दुभाषी माग. माझं इंग्लिश चांगलं आहे, ऑफिसात दिवसभर तेच बोलते, तरी मी मराठी दुभाषी मागितला, आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने दिला. दोन महिने मी "पर्पेट्रेटर" हा शब्द ऐकत होते आणि तो माझ्यावरून नुसता जात होता. दुभाषीबाईंनी शांतपणे "अत्याचार करणारा" असं म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यालाही तो शब्द तिथेच पहिल्यांदा ऐकू आला.

टेबलाभोवती चेअर (बैठकीचा अध्यक्ष), सोशल वर्कर, मिडवाइफ, हेल्थ व्हिजिटर (जन्मानंतर बाळाकडे लक्ष देणारी नर्स), पोलिस, आम्ही दोघं. चेअर हा आमची केस बघणाऱ्या टीममधला नसतो. शेवटी प्रत्येकाने शून्य ते दहा आकडा द्यायचा, बाळ किती सुरक्षित आहे असं वाटतं. पोलिसांनी चार दिला, मिडवाइफने सहा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला पाच, आणि कारण सांगितलं की कोर्समध्ये शिकलेलं मी दोन वर्षांत कुणाशी बोललोच नाही. प्रोबेशनकडून त्या कोर्सचा रिपोर्ट मागवला होता, सर्टिफिकेट आमच्याकडून हरवलं होतं पण त्यांच्याकडे रेकॉर्ड होतं, तो फार उपयोगी पडला. माझ्या मते त्याच्या त्या पाचनेही तितकंच काम केलं. खोटा आठ दिला असता तर?

निर्णय झाला की बाळ चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅनवर, म्हणजे बाळाच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेल्या देखरेखीखाली. कॅटेगरी इमोशनल अब्यूज, म्हणजे भावनिक छळ. मी म्हटलं बाळ जन्मलंच नाही तर हे कसं? चेअरने समजावलं की गरोदरपणात घरातली हिंसा सुरू होण्याचा किंवा वाढण्याचा धोका असतो, आणि २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज अॅक्टप्रमाणे घरातली हिंसा बघणारं, ऐकणारं मूलही स्वतः पीडित मानलं जातं, त्याला हात लागलेला नसला तरी. तेव्हा राग आला होता, आता मला ते पटतं.

सगळ्यात मोठी भीती ही की हॉस्पिटलमधूनच बाळ घेऊन जातील. ही भीती मी कुणालाच सांगत नव्हते, शेवटी सोशल वर्करला सरळ विचारलं, आणि तिनेही सरळ उत्तर दिलं. जन्माआधी कोर्ट बाळाबद्दल ऑर्डर काढू शकत नाही. जन्मानंतर बाळ घ्यायचं तर कोर्टाची ऑर्डर लागते, किंवा आईवडिलांची संमती, किंवा तातडीचा धोका असेल तर पोलिस जास्तीत जास्त ७२ तासांसाठी घेऊ शकतात. कोर्टात जायचा विचार असेल तर शक्यतो आधी प्री-प्रोसीडिंग्जचं, म्हणजे कोर्टाआधीच्या टप्प्याचं, पत्र येतं आणि ते आलं की आईवडिलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. आमच्या केसमध्ये तसं पत्र नव्हतं. "आज तरी तसा विचार नाही, बदलला तर तुला आधी माझ्याकडून कळेल," ती म्हणाली. त्या रात्री मी बऱ्याच आठवड्यांनी सलग सहा तास झोपले. आणि हो, संमतीच्या कोणत्याही कागदावर, विशेषतः सेक्शन २० (मूल संमतीने सोशल सर्व्हिसेसकडे ठेवणं) लिहिलेलं असेल तर, वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

मुलगी झाली. डिस्चार्जच्या आधी वॉर्डच्या एका खोलीत मीटिंग झाली, वीस मिनिटांची, मी टाके सांभाळत तिरकी बसले होते, आणि बाळ माझ्याच मांडीवर होतं. आम्ही तिघं घरी आलो. मग दर काही आठवड्यांनी कोअर ग्रुप, म्हणजे प्लॅनवर काम करणाऱ्यांची आमच्यासोबत बैठक, सोशल वर्करच्या भेटी, कधी सांगून कधी न सांगता. नवऱ्याने स्वतःहून समुपदेशन सुरू केलं. तीन महिन्यांच्या आत पहिली रिव्ह्यू कॉन्फरन्स झाली, पुढची सहा महिन्यांच्या आत, आणि त्या दुसऱ्या वेळी प्लॅन खाली उतरवून चाइल्ड इन नीड, म्हणजे सेक्शन १७ ची नुसती मदत, केला. त्यानंतर काही महिन्यांनी केस बंद.

शेवटच्या भेटीला सोशल वर्करने पुन्हा बूट काढले, मुलगी त्या बुटांकडे रांगत गेली आणि लेस तोंडात घातली. तिने लेस सोडवून घेतली आणि आम्हाला सांगितलं की केस बंद झाली तरी रेकॉर्ड राहतं, पुन्हा दिवस राहिले तर हे प्रश्न पुन्हा येतील, कदाचित असेसमेंटही होईल. नवरा म्हणाला, हो, माहीत आहे. तो कोर्टाचे कागद, बावीस पानी रिपोर्ट आणि बंदचं पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. फोल्डर कपाटात मागे नाही, मुलीच्या लसीकरणाच्या लाल पुस्तकाशेजारीच आहे, पुढच्या वेळी पहिल्या अपॉइंटमेंटला मिडवाइफला देता येईल असा.