केलं नसतं तर?

स्मरणिका समितीने शाळेविषयी लिहा असं कळवलं आहे. मी सरांविषयी लिहिणार आहे. कोणते सर, हे आपल्या काळच्या मुलांना सांगायला नको. बीजगणित शिकवणारे, अर्ध्या बाह्यांचा खादीचा सदरा आणि खिशात तंबाखूची डबी. मैदान, घंटा, प्रयोगशाळेतला सांगाडा यांवर बाकीचे लिहितीलच.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला सर बीजगणित लवकर आटोपायचे आणि कुणीतरी कुठेतरी बोललेलं एखादं वाक्य फळ्यावर लिहायचे. वर्तमानपत्रातलं, एसटीत ऐकलेलं, कधी आमच्यातल्याच कुणाचं. खाली एकच प्रश्न असे, यात खोट कुठे आहे? तर्कदोषांची मोठमोठी नावं त्यांनी कधी शिकवली नाहीत. हेत्वाभास वगैरे शब्द मी फार नंतर वाचले आणि वाचताना प्रत्येक प्रकाराला शाळेतला एकेक शनिवार आठवत गेला.

एका पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीला, मोठा पूर आला. घरी न सांगता आम्ही बघायला गेलो होतो हे आता लिहायला हरकत नाही. वर्गात तीच चर्चा चालली होती, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला. पंचवटीत राहणाऱ्या एका मित्राने ठासून सांगितलं, "पाणी मारुतीच्या गळ्याशी आलं की माझी आजी गंगेची ओटी भरते, आणि गंगा मागे फिरते. एकदाही चुकलेलं नाही."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "एकोणसत्तरच्या पुरात भरली होती का आजीने ओटी?"

"हो सर. पण तेव्हा पाणी आणखी वर गेलं. मग आजीने परत भरली, तेव्हा उतरलं."

१९६९ चा महापूर म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी. प्रत्येक नव्या पुराची तुलना त्याच्याशीच व्हायची. सरांनी फळ्यावर डोंगरासारखी एक रेघ काढली, चढती आणि मग उतरती. त्र्यंबकेश्वराच्या बाजूला पाऊस किती, गंगापूर धरणातून पाणी किती सोडलं, ते रामकुंडाशी पोचायला वेळ किती लागतो, हे सगळं त्या रेघेवर मांडलं. मग मित्राला विचारलं, "पाणी मारुतीच्या गुडघ्याशी असतं तेव्हा आजी ओटी का भरत नाहीत?"

"तेव्हा घाबरण्यासारखं काही नसतं सर."

"म्हणजे कळस झाला की आपण उपाय करतो. कळसानंतर उतारच असतो. उतरलं की श्रेय उपायाला, आणि नाही उतरलं तर उपाय पुन्हा करायचा. असा उपाय चुकणार तरी कसा? आता मला सांग, ओटी भरली नसती तर?"

मित्र गप्प झाला. तास संपल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं. मी दाराशी होतो म्हणून ऐकलं. "घरी जाऊन आजीला शिकवायला जाऊ नकोस. ओटी भरणं ही त्यांची श्रद्धा आहे. गंगा त्याने उतरली, हे विधान आहे. मी फक्त विधानाबद्दल बोललो."

इतका नेमका फरक करणारा माणूस मला पुढे क्वचितच भेटला.

सर छडी का वापरत नाहीत, तेही याच रेघेवरून उलगडलं. तेव्हा शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव असा की छडी दिली की पुढच्या चाचणीत पोरगं सुधारतं आणि शाबासकी दिली की घसरतं. सरांनी आपलं गुणांचं रजिस्टरच आमच्यासमोर उघडलं. पहिल्या चाचणीत तळाला असलेले बहुतेक जण दुसरीत थोडे वर आले होते, शेंड्यावरचे थोडे खाली. कुणाला हात लावलेला नव्हता की कुणाची पाठ थोपटलेली नव्हती. गुणांत अभ्यास असतो तसा त्या दिवसाचा योगही असतो, आणि योग काही दर वेळी तसाच जुळून येत नाही. फार वर्षांनी डॅनियल कानेमान यांच्याविषयी वाचलं, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले. इस्रायली हवाई दलातले प्रशिक्षकही त्यांना हेच सांगत होते, की विमान नीट उतरवलं म्हणून कौतुक केलं तर पुढचं उड्डाण बिघडतं आणि रागावलं तर सुधारतं. कानेमान यांचं उत्तर थेट सरांच्या रजिस्टरमधलं. त्याही आधी इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून हीच गोष्ट दाखवली होती. सरांनी हे वाचलं होतं की नाही, कोण जाणे. मला तरी रजिस्टर पुरेसं वाटतं.

तंबाखूचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो. सर आम्हाला तंबाखूवरून बोलत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" वर्ग चिडीचूप. सरांनी शांतपणे फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. तंबाखू वाईट आहे. सर तंबाखू खातात. "दुसरं वाक्य शंभर टक्के खरं," ते म्हणाले. "त्याने पहिलं खोटं कसं ठरतं, ते सिद्ध करून दाखव, डबी तुझ्यादेखत फेकतो." कुणालाच ते जमलं नाही, त्यामुळे डबी राहिली.

मी आज पिंपळगावला कृषी सेवा केंद्र चालवतो, दुसरी शाखा मुलगा बघतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षबागेत डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो, शेतकरी घाबरून धावत येतो, आणि बुरशीनाशकाबरोबर कुणीतरी सांगितलेलं महागडं टॉनिकही मागतो. दोन दिवसांत ऊन पडतं, पानं कोरडी होतात, रोग थबकतो आणि नाव टॉनिकचं होतं. मी सांगतो, बुरशीनाशकात काटकसर नको, पण टॉनिक मारताना एक ओळ सोडा. मारलं नसतं तर काय झालं असतं, ते त्या ओळीत दिसेल. माझ्या धंद्याला ही सवय परवडत नाही असं मुलाचं म्हणणं आहे. गिऱ्हाईक मात्र टिकून आहे.

साखर तपासतानाही सर आठवतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली शितं एकाच आचेवर शिजतात. बाग तशी नसते. उन्हाकडच्या घडाचे चार मणी तपासून पूर्ण बागेची ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, सांगणारा व्यापारी आला की मला फळ्यावरचा प्रश्न दिसतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली जे चालतं, त्याने वाईट वाटतं. एखाद्या मजकुराला आधार काय, असं विचारलं की "तू कोणत्या पक्षाचा?" हे उत्तर येतं. आणि विचारणारे, उत्तर देणारे दोघंही सरांच्याच वर्गातले! शनिवारचा तो तासही आता राहिलेला नाही म्हणतात. त्या वेळेत सराव परीक्षा होते.

समितीला शेवटी एक विनंती. स्मरणिकेत लिहिणाऱ्यांची यादी पाहिली. डॉक्टर, इंजिनिअर, दोन अधिकारी, एक द्राक्षाच्या औषधांचा दुकानदार. वाचणाऱ्याला वाटेल, या शाळेत गेलेला प्रत्येक जण मार्गी लागला. जे नववीतच गळाले, त्यांना कुणी पत्र पाठवलेलं नाही. आमच्या वर्गातला एक जण तेव्हा शाळा सोडून बाजार समितीत हमालीला लागला, अजून तिथेच आहे, आणि बोलतो फार छान. छपाईला अजून वेळ असेल तर त्याचंही मनोगत घ्या. तो लिहिणार नाही, पण फोनवर सांगेल. मी लिहून पाठवतो.