मॅडम, पाठच होत नाही

मी सोलापुरात नर्सिंग शिकवते. नवीन बॅच आली की पंधरा दिवसांत कोणी ना कोणी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभं राहतं. प्रश्न दरवर्षी तोच. "मॅडम, वाचते, पण पाठच होत नाही. अभ्यास करायचा तरी कसा?" मागच्या आठवड्यात एका मुलीचे वडील माढ्याहून तिला भेटायला आले होते, त्यांनीही हेच विचारलं. बसची वेळ झाली होती, त्यामुळे दोन मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

माझ्या मते पाठांतरावर सगळी भिस्त ठेवली की तिथूनच गडबड सुरू होते. ॲनाटॉमीचा, म्हणजे शरीररचनेचा, धडा चार वेळा वाचला की पान ओळखीचं वाटायला लागतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं, आणि हा फरक नेमका वायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलापाशी कळतो. म्हणून एकदा समजून वाचा, पुस्तक मिटा आणि मोठ्याने सांगा. जिथे अडाल तेवढंच परत उघडून बघा. तोच धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी.

शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी माझ्याकडे होती. घरात तेलुगू, शाळा मराठी, आई दिवसभर विड्या वळायची. फिजिऑलॉजीच्या, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं त्या विषयाच्या, पहिल्या इंटरनल परीक्षेला ती नापास झाली. मी म्हटलं, रोज रात्री आईला शिकव. आईच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि समोर बसून ही तेलुगूत सांगायची: शरीरभर फिरून आलेलं रक्त राइट एट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून ट्रायकस्पिड झडपेतून राइट व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात जातं. आई हात न थांबवता विचारायची, "तर्वात?" म्हणजे, पुढे? मग पल्मनरी आर्टरीतून (धमनीतून) फुफ्फुसात. "तर्वात?" पहिल्या रात्री ती इथेच गप्प झाली. तीनदा वाचलेलं, तरी फुफ्फुसातून रक्त परत कुठे येतं ते तोंडातून निघेना. उठून पुस्तक बघितलं: चार पल्मनरी व्हेन्स (शिरा), लेफ्ट एट्रियम. एरवी आर्टरीत ऑक्सिजन असलेलं रक्त असतं, व्हेनमध्ये ऑक्सिजन देऊन परत आलेलं. फुफ्फुसापाशी मात्र हा हिशेब उलटा होतो. ते त्या रात्री तिच्या डोक्यात बसलं ते कायमचं. आईला एट्रियम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. "तर्वात" विचारायला ते ठाऊक असावं लागत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी हे काम रूम पार्टनरला द्यावं.

दुसरी भीती इंग्रजीची. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, तर आर्ट्सकडूनही येतात. त्यांना मी भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात एकदा जाऊन यायला सांगते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिथल्याच माणसांत काम करत 1942 साली वारले. परकी भाषा कामातून येते, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

त्यासाठी एक वही करा, खिशात मावेल एवढी. पानावर तीन रकाने. पहिल्यात पेशंट जे बोलला ते जसंच्या तसं, दुसऱ्यात त्याचा वैद्यकीय शब्द, तिसऱ्यात नर्स म्हणून मी आधी काय करीन. "दम लागतोय" म्हणजे डिस्निया. खाटेची डोक्याकडची बाजू वर करीन, श्वास मोजीन. "लघवीला जळजळतंय" म्हणजे डिसयूरिया. किती वेळा होते, रंग कसा, ताप आहे का, ते विचारीन. "छातीत धडधडतंय" म्हणजे पाल्पिटेशन. नाडी पूर्ण मिनिट मोजीन. सोलापूरच्या वॉर्डात अक्कलकोटकडचा पेशंट कन्नडमध्ये "नोवु" म्हणेल, शेजारच्या खाटेवरची आजी तेलुगूत "नोप्पि" म्हणेल. दोन्हीचा अर्थ दुखणं. तेही वहीत लिहा. शब्दांचे तुकडेही तिथेच टिपा: टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, आयटिस म्हणजे दाह, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. हायपो आणि हायपर यांवर मी मुलांना थांबवतेच. एकात कमी, दुसऱ्यात जास्त. ऐकताना एका अक्षराची चूक झाली तर पेशंटला उलटे उपचार होतील.

लेखी पेपराबद्दल माझाच अनुभव सांगते. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशन या विषयात मी नापास झाले. तापाच्या रुग्णावर प्रश्न होता: व्याख्या 2 गुण, कारणं 3, नर्सिंग मॅनेजमेंट 10. मला व्याख्या आणि कारणं पाठ होती, म्हणून त्यांवरच तीन पानं भरली. मॅनेजमेंटला वेळ उरला अर्ध्या पानापुरता. वर्षभर वॉर्डात मी स्वतः टेम्परेचर घेत होते, कोमट पाण्याने अंग पुसत होते, इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं त्याचा तक्ता, भरत होते. त्यातलं काहीच कागदावर आलं नाही. त्या निकालाचं मला फार वाईट वाटलं, कारण येत असलेलंच मी लिहिलं नव्हतं. आता मुलांना सांगते: प्रश्नापुढचा आकडा आधी बघा. 10 गुण असतील तर दहा ठोस मुद्दे, 2 असतील तर दोन वाक्यं. आणि प्रत्येक कृतीपुढे "का" लिहा. पाणी कोमटच का? गार पाण्याने कापरं भरतं आणि कापऱ्याने ताप आणखी चढतो. हा "का" सीनियरच्या केस बुकातून उतरवून येत नाही. केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेची आखणी, स्वतःच्या पेशंटचा, स्वतःच्या शब्दांत लिहा. मोडकं इंग्रजी चालेल.

लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात, हेही ध्यानात ठेवा. एकाचे जास्त गुण दुसऱ्याला कामी येत नाहीत.

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी सलाईनचं एक उदाहरण. 500 मिली, 4 तासांत द्यायचं. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर लिहिलंय, 20 थेंबांचा 1 मिली. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. 4 तासांची मिनिटं 240. भागाकार साधारण 42. मिनिटाला 42 थेंब. पण वॉर्डात एवढ्यावर भागत नाही. चेंबरकडे, म्हणजे नळीत थेंब पडताना दिसतात त्या कुपीकडे, बघत मिनिटभर थेंब मोजत, मध्येच वेग कमी-जास्त करायचा रोलर फिरवत बसणं अवघड जातं. म्हणून 42 ला 6 ने भागा: 10 सेकंदांत 7 थेंब. घड्याळ चेंबरशेजारी धरा, दहा सेकंद मोजा, रोलर थोडा सैल किंवा घट्ट करा, पुन्हा मोजा. बसवून झाल्यावर मग पूर्ण मिनिट एकदा मोजून खात्री करा. बारीक थेंबांचा मायक्रो सेट असेल तर आणखी सोपं: 60 थेंबांचा 1 मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे एकदा हाताने केलं की सूत्र आठवावं लागत नाही.

पर्यायी प्रश्नांत "सर्वांत आधी काय कराल" असं विचारलं की पर्याय न बघता पेशंट डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशन झालेल्या बाईला अचानक दम लागलाय. डॉक्टरांना कळवणं, नोंद करणं, हे सगळं बरोबरच आहे, पण त्या क्षणी तुम्ही खाटेपाशी उभ्या आहात. आधी तिला बसतं करा.

राहिलं प्रात्यक्षिक. साधं, सेकंद काटा असलेलं मनगटी घड्याळ घ्या. श्वास मोजताना एक गोष्ट पुस्तक वाचून लक्षात राहत नाही: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटलं पाहिजे की तुम्ही अजून नाडीच बघताय. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. तसंच हात धरून छातीची हालचाल मिनिटभर मोजा. एकमेकींवर करून बघा, सांगून एकदा आणि न सांगता एकदा. आकड्यातला फरक दिसेल.

दुपारी दोन ते चार डेमो रूम, म्हणजे सरावाची खोली, रिकामी असते. किल्ली माझ्याकडे आहे. दोघी-तिघी मिळून या आणि मागून घ्या.